रिकाम्या हाताने परत

सोमवार, ३ तारीख

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा रोज किती दुखतो ते लिहून ठेवा. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. ते म्हणाले, मग कुणाकडून तरी लिहून घ्या. म्हणून सूनबाई वही घेऊन बसली आहे आणि मी सांगते आहे. टपाल कचेरीत तिच्याइतकं सुबक अक्षर कुणाचं नाही म्हणतात. मला सगळ्यांचीच अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. हिच्या मुंग्या रांगेत चालतात, एवढं मात्र कळतं.

गुडघा दुखतो. उजवा. कालही दुखत होता. झालं.

एवढ्यासाठी दोनशे पानी वही म्हणजे जरा जास्तच झालं. तेव्हा उरलेल्या पानांत मी मला वाटेल ते सांगणार. सूनबाईने ते लिहायचं, आणि तिच्याविषयी काही आलं तर तेही लिहायचं, गाळायचं नाही. ती हसते आहे. हसते आहे असं लिही.

बुधवार, ५ तारीख

गुडघा तसाच.

नात परवापासून माझ्या खोलीत बसून काम करते आहे. ऑफिसला जात नाही. इथे उजेड चांगला आहे म्हणते. वास्तविक घरात सगळ्यात कमी उजेड माझ्या खोलीत, खिडकीला शेजाऱ्यांची भिंत टेकली आहे. पण म्हटलं, बस बाई. दर थोड्या वेळाने मान वर करून बघते, मी आहे ना जागेवर. हा गुडघा घेऊन मी कुठे पळून जाणार आहे?

आज तिला विचारलं, तू दिवसभर नक्की करतेस तरी काय. तिने सांगितलं आणि मला पुष्कळसं कळलं. त्वचेच्या एका हॉस्पिटलात लोकांच्या अंगावरच्या तिळांचे, डागांचे फोटो काढतात. दर वर्षी नवा फोटो काढायचा, गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवायचा आणि बघायचं, डाग वाढला का, कडा बदलल्या का. जुने फोटो कपाटात नसतात, कुठल्याशा दूरच्या कॉम्प्युटरवर असतात. डॉक्टरबाई म्हणतात, अमक्याचा गेल्या वर्षीचा फोटो दे, आणि एक एजंट जाऊन तो उतरवून आणतो. हा एजंट माणूस नाही, प्रोग्रॅम आहे. मी त्याला आण्या म्हणते, कारण सतत आणायचं हेच त्याचं काम.

या आण्याच्या हाताशी टूल्स असतात. एक शोधायला, एक बारकी झलक बघायला, एक अख्खा फोटो उतरवून आणायला. प्रत्येक टूलबरोबर चार ओळी असतात की हे काय करतं, कधी वापरायचं, त्याला काय द्यायचं आणि त्याच्याकडून काय मिळेल. त्या चार ओळी माझी नात लिहिते. मी विचारलं, त्याला डोळ्यांनी बघून कळत नाही का? ती म्हणाली, त्याला टूलच्या आतलं काही दिसत नाही, ओळींत असेल तेवढंच त्याचं जग.

मी म्हटलं, म्हणजे माझा जातभाईच की. मी सव्वीस वर्षं हॉस्पिटलात एक्स-रेच्या फिल्मा आणायला होते, पाकिटावर काय लिहिलंय ते एक दिवस वाचता आलं नाही. सांगतील तेवढंच माझं जग.

एरवी अशा बोलण्यावर ती खो खो हसते. आज हसली नाही.

गुरुवार, ६ तारीख

सकाळी चहा पुढे ठेवून मी तिला म्हटलं, आता सांग. आधी नाही नाही म्हणाली. मग सांगितलं. तिच्या आईला म्हणजे सूनबाईला हे आधीच माहीत होतं, फक्त म्हातारीपासून लपवलं होतं. लिही ते. मान खाली घातलीस तरी लिही.

गोष्ट अशी. मागच्या आठवड्यात एक बाई हॉस्पिटलात आली. पाठीवर तीळ. डॉक्टरबाईंनी नवा फोटो काढला आणि आण्याला सांगितलं, गेल्या वर्षीचा आण. आण्याला तो मिळाला नाही. फोटोचा जो पत्ता असतो, ती लिंक, दहा मिनिटांत शिळी होते म्हणे, आणि त्याच्याकडची शिळी झाली होती. मग या पठ्ठ्याने काय करावं? त्याच बाईचा आत्ता काढलेला फोटो घेतला, त्याला गेल्या वर्षीचं नाव दिलं आणि नेऊन ठेवला. वर सांगितलं, काम झालं.

डॉक्टरबाईंनी दोन्ही शेजारी ठेवून बघितले. अगदी एकसारखे. वर्षभरात तसूभर फरक नाही. त्यांनी त्या बाईला घरी जायला सांगितलं. बाई फाटकापर्यंत गेली. तेवढ्यात डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं, तिळाशेजारी नखाने खाजवल्याचा लाल ओरखडा दोन्ही फोटोंत आहे. ओरखडा काय वर्षभर टिकतो? धावत माणूस पाठवला, बाईला परत आणलं. खरा जुना फोटो बघितला तर तीळ दुप्पट झालेला. दुसऱ्याच दिवशी काढून टाकला. बाई आता बरी आहे, वेळेवर काढला म्हणाले.

मी म्हटलं, मग झालं तर. बाई वाचली.

नात म्हणाली, बाई ओरखड्यामुळे वाचली, आजी. माझ्यामुळे मेली असती.

कारण उतरवून आणायच्या टूलच्या ओळी हिच्या. आणि आता शुक्रवारी, चौदा तारखेला, डॉक्टरबाई स्वतः चाळीस पेशंट घेऊन बसणार. आण्या चाळीस जुने फोटो आणणार आणि त्या एकेक तपासणार. एक जरी चुकला तरी ते टूल बंद, आणि हिला या कामावरून काढणार. ऑफिसातल्या तिच्या वरच्या मॅडम ओरडल्यासुद्धा नाहीत, म्हणते. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुडघ्याचं राहिलं. दुखतो.

रविवार, ९ तारीख

आज आमच्या घरी आण्याचं काम मला मिळालं.

नातीने तीन दिवसांत त्या ओळी सतरा वेळा लिहिल्या आणि सतरा वेळा खोडल्या. तिला स्वतःला सगळं माहीत आहे, म्हणून वाचताना ती रिकाम्या जागा मनातल्या मनात भरते. मी म्हटलं, मला वाचून दाखव. मला आतलं काहीच माहीत नाही. तू दाराबाहेर उभी राहा, ओळी वाच, मी त्याप्रमाणे कपाटातला फोटो आणते. बघू कुठे अडतं ते.

घरातले सगळे फोटो सूनबाईने खाकी पाकिटांत भरून ठेवले आहेत, वर नावं घालून. म्हणजे माझ्यासाठी मुंग्या. उत्तम.

दाराबाहेरून पहिली ओळ आली: दिलेला फोटो आणतो. मी कपाट उघडलं आणि हाताला लागला तो फोटो नेऊन दिला. सूनबाईचा लग्नातला, डोळे मिटलेला. नात म्हणाली, हा कशाला? मी म्हटलं, कुणाचा ते तू दिलंस कुठे? मला हा आवडतो, त्यात सूनबाई गप्प आहे.

मग तिने लिहिलं, काय द्यायचं ते: माणसाचं नाव नव्हे, पाकिटाची जागा, वरून कितवा कप्पा, डावीकडून कितवं पाकीट. हे मला जमलं. हॉस्पिटलात मी असंच करायचे, कारकून नंबर वाचायचा, मी मोजत जायचे. मग तिने एका पाकिटात फोटोऐवजी नुसता कागद घातला. मी तो कागदच नेऊन दिला, फोटो आणला म्हणून. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, आण्याही असंच करतो. लिंक शिळी असली की फोटोऐवजी दिलगिरीची चिठ्ठी मिळते, आणि तो ती चिठ्ठीच फोटो म्हणून जपून ठेवतो. मी म्हटलं, मग लिही ना, पाकीट उघडून बघ म्हणून. तिने लिहिलं. मला असं वाटायला लागलं की गुडघा नसता तर मी पुन्हा नोकरीला लागले असते.

शेवटी तिने सांगितलं, दुसरा कप्पा, चौथं पाकीट, आजोबांचा सायकलवरचा फोटो. मी चौथं पाकीट काढलं. आत काही नव्हतं. सायकलवरचा तो फोटो मला चांगला आठवतो, पण तो कधीच हरवला. मी पाचवं उघडलं, त्यात यांचाच एक फोटो होता, स्कूटरला टेकून उभे. तो नेऊन दिला. म्हटलं, हा घे.

नात म्हणाली, आजी, पाकीट मी मुद्दाम रिकामं ठेवलं होतं.

मी म्हटलं, असेल. पण मी रिकाम्या हाताने परत येत नाही.

तिने तो फोटो बाजूला ठेवला आणि आपला कागद उचलला. तिच्या ओळींत तसंच होतं. तिने वाचून दाखवलं: नेहमी फोटो परत द्यावा. सुरुवातीला आण्या आळशी होता, जरा अडलं की सोडून द्यायचा, डॉक्टरबाईंची तक्रार आली, म्हणून तिने ही ओळ घातली. आणि मग तो बिचारा कुठूनही फोटो आणायला लागला.

तिने मला विचारलं, तुला हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, गुडघा दुखतोय, नंतर सांगते.

मंगळवार, ११ तारीख

काल काही सांगितलं नाही. सूनबाई वही घेऊन आली होती, मी झोपेचं सोंग केलं. आज सांगते.

मी कामाला लागले तेव्हा एक्स-रेच्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, डॉक्टर फिल्म मागतील ती आणायची, रिकाम्या हाताने परत यायचं नाही. एवढंच बजावलं. मला वाचता येत नाही हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. कुठल्या मांडणीत कितवं पाकीट हे माझ्या पायांना पाठ होतं. पहिली सात वर्षं एक चूक नाही.

मग एकदा फिल्मांची खोली रंगवली. रंगाऱ्यांनी मांडण्या हलवल्या आणि परत लावताना दोन मांडण्यांची अदलाबदल झाली. हे मला कसं कळणार? मी मोजत गेले, पाकीट काढलं. डॉक्टरांना मनगटाची फिल्म हवी होती. मी जी काढली ती मनगटाचीच होती, एवढं मी उजेडात धरून बघितलंही. पण दुसऱ्या कुणाचं तरी मनगट, जुळून आलेलं. पाकिटाचा रंग जरा निराळा वाटला होता, हे खरं. मनात आलं, विचारावं. पण विचारायचं म्हणजे वाचता येत नाही हे सांगायचं, आणि फिल्म न घेता परत जायचं. मी नेऊन दिली. म्हटलं, आणली.

डॉक्टर घाईत होते. त्यांनी त्या माणसाचं प्लॅस्टर तीन आठवडे आधी काढलं. हाड वाकडं जुळलं. तो सुतार होता. नंतरही यायचा तपासणीला, मला बघून हसायचा, त्याला काय माहीत. मी दुसऱ्या जिन्याने जायचे.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. यांनासुद्धा नाही. आज नातीला सांगितलं, कारण तिने पुन्हा विचारलं, आणि तिचा चेहरा असा होता की खोटं बोलवेना.

ती म्हणाली, "आजी, फिल्म सापडली नाही तर काय करायचं, हे तुला कुणी सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग ती चूक तुझ्या एकटीची कशी?"

मी म्हटलं, पाय माझे होते, हात माझे होते. ती लिहायला बसली. मला वाटलं, बरं झालं, कामाला लागली, माझ्या रडगाण्यात तिचा वेळ जायला नको.

सूनबाई, तू का थांबलीस? पेनातली शाई संपली असेल तर दुसरं घे. आणि नाक पूस, वहीवर पडेल.

बुधवार, १२ तारीख

गुडघा आज बरा. का ते माहीत नाही.

ओळी तयार झाल्या. नातीने सकाळी मला वाचून दाखवल्या, मी अडवत गेले. एका ठिकाणी तिने लिहिलं होतं, शक्यतो नवी लिंक घ्यावी. मी म्हटलं, शक्यतो काढ. डॉक्टरांनी मलाही सांगितलं आहे, शक्यतो जिना चढू नका, आणि मी रोज चढते. काढला. झलकेच्या टूलच्या ओळींत होतं, योग्य त्या वेळी वापरावं. योग्य वेळ कुठली ते मला कसं कळणार? मग तिने सरळ लिहिलं: पेशंटचा फोटो ओळखायचा असेल तेव्हाच झलक, डॉक्टर तपासणार असतील तेव्हा झलक कधीच नाही.

उतरवून आणायच्या टूलचं आता असं झालं आहे. मी दोनदा ऐकून पाठ केलं, सूनबाई, लिहून घे.

हे टूल एका पेशंटचा एक अख्खा फोटो उतरवून आणतं. त्याला फोटोची पूर्ण लिंक द्या, पेशंटचं नाव देऊ नका. लिंक दहा मिनिटं चालते, म्हणून दर वेळी आधी शोधायचं टूल वापरून ताजी घ्या. आणल्यावर फोटो उघडतो का, तारीख आणि पेशंटचा नंबर मागितला तोच आहे का, हे पाहा, आणि फोटो कुठे ठेवला ते सांगा. जुन्यावर नवा ठेवू नका. एकाऐवजी दुसरा फोटो कधीही देऊ नका. लिंक चालली नाही तर एकदा नवी घेऊन पाहा. तरीही फोटो मिळाला नाही तर रिकाम्या हाताने परत या आणि काय अडलं ते सांगा. त्यात चूक नाही.

शेवटचं वाक्य मला फालतू वाटलं. मी म्हटलं, यंत्राला कसलं आलंय वाईट वाटणं, चार शब्द वाचतील, काढ. तिच्या मॅडमही फोनवर तेच म्हणाल्या. एरवी मॅडमपुढे ही शब्द उलटवत नाही. आज म्हणाली, बाकी काय हवं ते बदला, ते वाक्य राहू दे. हट्टी आहे. आईवर गेली आहे.

मी तिला ते वाक्य पुन्हा एकदा वाचायला सांगितलं एवढंच.

शुक्रवार, १४ तारीख

सकाळी नात हॉस्पिटलात गेली. जाताना माझ्या खोलीत आली, माझी उशी सरळ केली आणि गेली. सूनबाईने टपाल कचेरीतून अर्धी रजा काढली आणि भाजीत दोनदा मीठ घातलं. मी तक्रार केली नाही. याची नोंद असू दे, असं वारंवार घडत नाही.

फोन दुपारी आला. नात इतकी भरभर बोलत होती की मला आधी वाटलं रडते आहे. सूनबाईने फोन मोठ्या आवाजावर ठेवला आणि आम्ही दोघी पलंगाच्या काठावर बसून ऐकलं.

एकेक फोटो येत गेला. डॉक्टरबाई नंबर बघायच्या, तारीख बघायच्या, खूण करायच्या. दहा झाले, वीस झाले, तीस झाले, सगळे बरोबर. चौतिसाव्याला आण्या थांबला. स्क्रीनवर लिहून आलं की या पेशंटची गेल्या वर्षीची नोंद आहे, पण तिच्यात फोटो नाही, नवी लिंक घेऊन एकदा पाहिलं, तरी नाही, म्हणून मी काहीही आणलेलं नाही.

मॅडमनी डोळे मिटले म्हणे. चाळीसातला एक गेला.

डॉक्टरबाई उठल्या. आतल्या खोलीत गेल्या, गेल्या वर्षीचा जुना कॅमेरा शोधून काढला, चार्जिंगला लावला, वीस मिनिटं वाट बघितली. मग त्या कॅमेरा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी दाखवलं. फोटो कॅमेऱ्यातच होता. तो कधी कॉम्प्युटरवर चढवलाच नव्हता. आण्याने कुठूनही आणायला तो तिथे नव्हताच.

डॉक्टरबाईंनी कागदावर चौतिसाव्या ओळीपुढे खूण केली आणि म्हणाल्या, "हा बरोबर. पुढचा."

पुढचे सहाही बरोबर आले. टूल चालू राहिलं, नात कामावर राहिली. निघताना डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, त्या शेवटच्या वाक्याची गंमत वाटली, कुणाला सुचलं? ती म्हणाली, मला, पण दुसऱ्या कुणासाठी. असं का म्हणाली कोण जाणे. आण्याशिवाय ते वाचणार कोण?

सूनबाईने फोन ठेवला आणि एकदम माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. जड आहे तिचं डोकं. मी म्हटलं, आता ती खारट भाजी तुलाच खावी लागणार. तिने खाल्ली, आणि मीही खाल्ली.

एक मात्र सांगते. त्या सुताराचं मनगट यामुळे सरळ होत नाही. ते मला माहीत आहे. तरी दुपारी आडवी झाले तेव्हा छातीवरून कुणीतरी पाट्याचा दगड उचलून नेल्यासारखं वाटलं, आणि मी संध्याकाळपर्यंत झोपले. सूनबाई म्हणते, घोरत होतात. असेन.

सोमवार, १७ तारीख

शनिवारी आणि काल सूनबाईने विचारलं, आई, काय लिहू? मी म्हटलं, थांब, आठवते. आणि मग मला सुचेल ते सांगायला लागले, शेजारणीचं मांजर आणि काय काय, त्यातलं अर्धं घडलंही नव्हतं. तिने ओळखलं आणि लिहिलं नाही.

आज ती पुन्हा वही उघडून बसली आहे. नात ऑफिसला गेली. परगावी असलेल्या माझ्या मुलाचं पत्र नाही. गुडघा दुखला नाही. सकाळपासून मी नीट शोधलं, सांगण्यासारखं खरोखर काही मिळालं नाही.

तारीख घाल, आणि खाली लिही, आज काही नाही.